जावयाला ‘कुठं’ म्हणून विचारू नका

आमचा जावई बोटीवर कामाला हाय. नदीतली बोट न्हाई, ती मोठी, लोकांना समुद्रात हिंडवून आणती ती. क्रूझ म्हणतात तिला. तिच्यात खालीवर जायला लिफ्ट हाय, नाचायला जागा हाय, आन पव्हायला हौद हाय. म्हणजे पाण्यात चाललेल्या बोटीत आणखी पाणी भरायचं आन त्याच्यात पव्हायचं. हे जावयानं मला पहिल्यांदा सांगितलं तवा मी त्यांच्याकडं असा बघत राहिलो की पोरीनं मला कोपर मारलं.

मी जीपवाला. सेनगाव ते हिंगोली, मधी नरसी, ही माझी लाइन. आमचं गाव सेनगावच्या बी मागं, एका फाट्याला आत हाय असं धरा. शाळेत मी गेलोच न्हाई असं न्हाई. गेलतो. मास्तर हजेरी घेऊन राहिले होते तवर मागल्या खिडकीतून घरी आलो. त्यामुळं रस्त्यावरच्या पाट्या मला वाचता येत न्हाईत. मला त्या चित्रासारख्या. पण जीपला कुठं वाचता येतं? तरी ती बराबर हिंगोलीला जाती.

जावई बोटीवर काय करतात म्हणून लोकं विचारायचे. खरं म्हणजे ते बोटीच्या भटारखान्यात भांडे घासायचे. वाईट काय हाय त्याच्यात? पण मी पडलो ड्रायव्हर माणूस. बोटीवर हाय म्हणलं की समोरचा म्हणायचा, “चालवतात का?” मी मान हलवायचो. कुणीकडं हलवली ते बघणाऱ्यानं बघून घ्यावं.

सुट्टीला जावई येतात ते असे. बोट मुंबईला लागली की बंदरावरून टॅक्सी, टॅक्सीनं विमानतळ, विमानानं नांदेड. मागल्या खेपेला नांदेडहून पुढं त्यांनी तिथलीच एक भाड्याची पांढरी गाडी केली. काचा वर केलेली, थंडगार. ती गाडी माझ्या दारात येऊन माझ्या जीपच्या शेजारी उभी राहिली. जीपवाल्याचा जावई आन परक्याच्या गाडीतून उतरला! स्टँडवरच्या पोरांनी मला लई दिवस सुखानं चहा पिऊ दिला न्हाई. “काका, जावयाला तुमच्या जीपचे हादरे सोसंनात का?” “काका, जावई पांढऱ्यात आन सासरा काळ्यात, हे कसं?” काळ्यात म्हणजे माझ्या धुरात.

म्हणून या खेपेला मी शब्द टाकला. परत जाताना विमानापर्यंत मीच सोडणार. बंदरावरच्या टॅक्सीवाल्यांचं त्यांनी बघावं, नांदेडपर्यंतचं मी बघतो.

जावई म्हणले, “चालतंय मामा.”

जावयाचं हेच एक होतं. सगळं चालतंय. अधिकाचा महिना होता म्हणून ते आमच्याकडं राहायला आलते. या महिन्यात जावयाला बोलवून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, ते बायकोनं एवढे खाऊ घातले की त्या माणसाला उठताना भिंत धरावी लागायची. आणखी वाढू का? चालतंय मामी. आमटीत मीठ जास्त पडलं. चालतंय. मी घोरतो म्हणून त्यांना अंगणात झोपावं लागलं. चालतंय मामा. लग्न झाल्यापासून त्या माणसाच्या तोंडून ‘न्हाई’ असा शब्द मी ऐकला नव्हता. बायको म्हणायची, लई गुणाचा हाय. मी म्हणायचो, गुणाचा हाय, पण आत काय चाललंय ते कळू देत न्हाई. असल्या माणसासंगं भांडता बी येत न्हाई, मग सासरा होऊन उपयोग काय?

आता या जाण्यातली खरी गोष्ट सांगतो. जावयाला या खेपेला भांड्यावरून काढून पावाच्या भट्टीवर घेणार होते. भांडी घासणं सुटणार होतं. ते पोरगं दोन वर्षं भांड्याचं काम सुटल्यावर भट्टीपाशी उभं राहून, पीठ मळून, न सांगता काम शिकलं होतं, तवा कुठं तिथल्या मोठ्या आचाऱ्यानं व्हय म्हणलं. पण आमी घरून निघणार त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट मुंबईहून निघणार होती. तिच्या आधी हजर न्हाई झालं तर भट्टीवर दुसरा माणूस उभा. आन आमच्या निघायच्या दिवशी नांदेडहून मुंबईला एकच विमान. बोट काय माझ्या जीपसारखी न्हाई, मागून कुणी पिशवी घेऊन पळत आलं तर थांबायला.

हे मला ठावं होतं. चांगलं ठावं होतं. तरी मी काय केलं ते बघा.

आमच्या बायकोचा एक नियम हाय. माणूस लांबच्या कामाला निघाला की त्याला ‘कुठं’ म्हणून विचारायचं न्हाई. विचारलं की टोकलं. मागल्या खेपेला जावई बोटीवर निघाले तवा पारावरच्या कुणीतरी विचारलं, “कुठं निघालं पाव्हणं?” आन बोटीवर पाय ठेवल्याबराबर जावई उलट्यांनी आडवे झाले.

जावई तिला म्हणले व्हते, “मामी, समुद्र खवळला होता.”

“समुद्र सगळ्यांनाच खवळला ना? मग उलट्या तुमालाच काहून?”

याला बोटीच्या कप्तानापाशी बी उत्तर नसंल.

तर या खेपेला तिनं ठरवलं. वाटंत कुणी ‘कुठं’ विचारलं की गाडी थांबवायची. समद्यांनी खाली उतरायचं. भुईला टेकायचं, चिमूटभर साखर तोंडात टाकायची, वर घोटभर पाणी. म्हणजे पहिलं निघणं बाद झालं. मग नव्यानं निघायचं.

पोरगी म्हणली, “आई, बाबा जीपवाले हायेत. जीप दिसली की अख्खा जिल्हा कुठं म्हणूनच विचारतो. आमी नांदेडला कवा पोचावं?”

“लवकर निघू की मग.”

“चालतंय मामी,” जावई म्हणले.

निघायच्या आदल्या दिवशी बायको घरोघर जाऊन सांगून आली. सकाळी जीप काढली तर सगळं गाव दारात, आन एक माणूस बोलंना. बायांनी पदर तोंडात धरलेले. माणसं ओठ आवळून उभे. लेकरांच्या तोंडावर मायांचे हात. मी हळूहळू जीप नेऊन राहिलो आन दोन्ही बाजूंनी नुसते डोळे. एका म्हाताऱ्याला काय राहवंना. त्यानं तोंड उघडलं, बायकोनं डोळे वटारले, म्हातारं अडखळलं आन म्हणलं, “आज… ऊन हाय.”

ऊन अजून निघायचं होतं.

गाव असं सुटलं. बायको खूश. पुढं माझ्याशेजारी जावई, मागं बायको आन पोरगी, आन त्यांच्यामधी जावयाची चाकाची बॅग. बायकोच्या मांडीवर साखरंचा डबा, पाण्याची बाटली आन बसायला पोतं. मी म्हणलं, पोतं काहून? म्हणली, जावयाला मातीत बसवू का?

पोत्याचं काम सेनगावातच पडलं. स्टँडवरून जाताना मी मान खाली घालून निघालो होतो. खरंच घातली होती. पण माझ्या जीपचा आवाज लपत न्हाई. लाइनीतला एक पोऱ्या आडवा आला, बोनेटवर थाप मारली, “काका, आज नंबर सोडून कुठं?”

मागून बायको म्हणली, “थांबवा.”

समदे उतरलो. स्टँडच्या कडंला, ज्या जागंवर मी रोज हिंगोली-हिंगोली म्हणून बोंबलतो, तिथं पोतं टाकून आमी चौघं मांडी घालून बसलो. बायकोनं साखर वाटली. पॅसेंजर जमा झाले. एका बाईनं दोन्ही हात पुढं केले, तिला वाटलं कसला तरी परसाद हाय. तिला बी दिली. मग तिच्या मागं रांग लागली. पोऱ्या मला म्हणला, “काका, सत्यनारायण हाय का?”

“जावई विमानाला चाललेत,” मी म्हणलं.

आता इथं गडबड झाली. मला धुरावरून हिणवणारं तेच पोरगं, ते आता जावयाकडं बघायला लागलं आन त्याचं तोंड उघडंच राहिलं. “विमानाला? तुमच्या जीपमधी?” मला आतून अशी काही गार वाऱ्याची झुळूक आली म्हणता. पांढऱ्या गाडीचा सगळा हिशोब तिथंच मिटला. आन मला त्याची चटक लागली.

वेळ हातात होता म्हणून कुणी काही बोललं न्हाई. पुढं रस्ता चांगला होता. पण नरसी जवळ आली तसा माझा पाय आपोआप हलका व्हायला लागला.

नरसीला रस्त्याच्या कडंला एक चहावाला हाय. त्याचा पोरगा पुण्याला एका कंपनीत हाय. मी त्याच्याकडं चहाला थांबलो की चहाच्या आधी पोरगा येतो. पोराची खुर्ची फिरती हाय. पोराच्या हापिसात चहा मशीनमधून येतो. हे चहावाला सांगतो, स्वतः स्टोव्हला पंप मारत. दोन वर्षं मी हे ऐकून राहिलो. आज माझ्या जीपमधी विमानाला निघालेला जावई, आन मी त्याच्यापुढून नुसतं जाऊ?

“बाबा, हळू काहून केली?” पोरगी.

“इंजन तापलंय. पाणी टाकतो.”

जीप मी अशी लावली की जावई बराबर त्याच्या समोर यावेत. खाली उतरलो. चहावाल्यानं बघितलं. जीप बघितली. बॅग बघितली. जावई बघितले, धुतलेला शर्ट, बूट.

“या ड्रायव्हर. चहा?”

“न्हाई. आज लांब चाललोय.”

“बरं.”

मी बोनेट उघडलं. तापलेलं काहीच नव्हतं. “लईच लांब.”

“सावकाश जा,” तो म्हणला आन स्टोव्हला पंप मारायला लागला.

आता याला काय करावं? चांगल्या घरचा माणूस. निघालेल्याला विचारू नये हे त्याला ठावं, आन आजच त्यानं ते पाळायचं ठरवलं. मी म्हणलं, “पाव्हणं संगं हायेत. जावई.”

“दिसले की. राम राम पाव्हणं.”

“राम राम,” जावई म्हणले.

“त्यांचं काम मोठं हाय. समुद्रात असतात.”

“असंल,” तो म्हणला. “आमचा पोरगा गेलता गोव्याला मागं, कंपनीनं नेलं व्हतं…”

पोरगा आला. मला सहन झालं न्हाई. मी जवळ गेलो आन दबक्या आवाजात म्हणलं, “अरे, विचार की लेका!”

“काय?”

“कुठं चाललो म्हणून!”

बिचारा गोंधळला. मग मोठ्यानं, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणला, “बरं, कुठं चाललात ड्रायव्हर?”

मागं जीपमधी साखरंचा डबा वाजला.

पोत्यावर बसताना पोरगी माझ्याकडं बघून राहिली होती. ती माझी पोरगी. मी लहानपणी तिला खोटं बोलताना धरायचो, आता तिचा नंबर. “बाबा, इंजन तापलं नव्हतं.”

“तापलं होतं.”

“तुमी त्याला विचारायला लावलं.”

मी साखर चघळत बसलो. जावयानं मोबाइलमधी वेळ बघितली आन मोबाइल खिशात ठेवला. परत काढला, परत ठेवला. मी म्हणलं, “तकलीफ न्हाई ना पाव्हणं?”

“चालतंय मामा.” पण आवाज पातळ झालता. पाणी जास्त झाल्यावर आमटी होती तसा.

मग पोरीनं कारभार हातात घेतला. माझ्याच गळ्यातली दस्ती काढली आन माझ्याच तोंडाला बांधली. डोळे तेवढे उघडे. डोक्यावर जावयाची टोपी, पुढं चोच असलेली. “आता तुमाला कुणी वळखणार न्हाई. वळखलं न्हाई तर विचारणार न्हाई.” डोकं चांगलं हाय तिचं, आईवर गेली. मी दस्तीतून श्वास घेत हिंगोलीपर्यंत आलो. रस्त्याच्या कडंला माझे रोजचे पॅसेंजर हात करून राहिले होते, आन मी समद्यांना सोडून चाललो. माझ्या पायाला किती वाईट वाटलं असंल ते मलाच ठावं. कुणीतरी मागून ओरडलं, “आरं, काकाची जीप चोरीला गेली!”

ते ओरडणं पुढं कसं गेलं ठावं न्हाई. फोनचा जमाना हाय. हिंगोलीच्या चौकात होमगार्डनं काठी आडवी केली.

“ए, तोंड बांधून कुठं चाललास?”

“आवं, मी हाय!” मी दस्तीतून म्हणलं.

“मी म्हणजे कोण? उतर खाली.”

“उतरतोच,” मी म्हणलं, कारण मागं डबा वाजलेला मला ऐकू आला होता.

त्यानं माझी दस्ती खाली ओढली आन त्याचं तोंड पडलं. रोजच्या लाइनीतला माणूस, तोंडओळख व्हती. “काका, तुमी? तुमच्याच जीपच्या चोरीचा फोन आला की. तुमीच चोरली का?” चौकातल्या साऱ्या फळांच्या गाड्यांवरून लोकं वळून बघायला लागले. त्यांच्यासमोर आमी पोतं टाकलं. बायकोनं होमगार्डला बी साखर दिली. तो बी बिचारा आमच्यासंगं टेकला, म्हणला, “मला बी जरा बसायचंच व्हतं.”

या साऱ्यात जावई उभेच राहिले होते. ते बसले न्हाईत. बायको म्हणली, “टेका की पाव्हणं.” ते टेकले. पण टेकून लगेच उठले. ते मी पहिल्यांदा बघितलं.

हिंगोली सोडली. माझी लाइन हिंगोलीपाशी संपती. पुढं कळमनुरीवरून नांदेडचा रस्ता मला ठावं हाय, पण तिकडच्या लोकांना मी ठावं न्हाई, म्हणून दस्ती काढली. कुणी विचारणार न्हाई. पोरगी मोबाइलमधी बघून सांगत होती किती राहिलं, आन दर वेळी तिचा आवाज वर चढत होता. मी जीप पळवली. खरं सांगतो, माझी जीप तेवढी पळती हे मला बी त्या दिवशी कळलं. जीपला बी कळलं असंल, कारण तिच्यातनं असे आवाज निघून राहिले होते की जसं कुणी भांड्याचं कपाट डोंगरावरून सोडलंय.

कळमनुरीच्या पुढं एका फाट्यावर एक बाई उभी. डोक्यावर पाटी, कडंवर लेकरू. तिनं हात केला.

आता हे मी मनानं केलं न्हाई. माझं मन पुढं विमानापाशी होतं. पण पाय माझा न्हाई ना, तो लाइनीचा हाय. हात दिसला की पाय ब्रेकवर. जीप दचकली, सावकाश व्हायला लागली, आन तोंडातून आपोआप निघालं, “नांदेड, नांदेड, बसा मावशी…”

“मामा!”

मी दचकलो. मला वाटलं मागून कुणी ट्रकवाला ओरडला. तर ते जावई होते.

“मामा, आता ब्रेकवर पाय ठेवला तर मी इथनं उडी टाकीन आन पळत नांदेडला जाईन! तुमाला काय, तुमी चहावाल्याला दाखवायला चाललाय! मी भांडी घासून घासून हाताची कातडी काढली! भट्टीवर माझं नाव एकदाच लागणार हाय! गाडी चालवा!”

मी गाडी चालवली. बाई, पाटी, लेकरू मागं राहिले. इंजन बी जरा दबकल्यासारखं वाटलं.

मग मागून बायको हळूच म्हणली, “बोललं बाई एकदाचं.”

जावयाचे कान लाल झालते. “मामा, चुकलं. माफ करा…”

“काहून माफ?” मी म्हणलं. “आणखी काही राहिलंय का पोटात? असलं तर आताच काढा. रस्ता सरळ हाय.”

मग मीच म्हणलं, “आमटीचं?”

जावई समोर रस्त्याकडं बघत म्हणले, “खारट असती मामा.”

“काय?” बायको.

“रोज न्हाई मामी,” जावई घाईनं म्हणले. “पण असती.”

“आन माझं घोरणं?” मी विचारलं.

“बोटीच्या भोंग्यावाणी.”

पोरगी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. एवढे दिवस पाव्हणा घरात होता, आज जावई भेटला. आन ते सांगायला लागले, भट्टीचं. पहाटं सारी बोट झोपलेली असती तवा पीठ फुगतं, ते कसं दिसतं. पहिल्या दिवशी मोठ्या आचाऱ्यानं ह्यांचा पाव हातात घेतला, उलटा केला, खालून बोटानं वाजवला, आन काही न बोलता टोपलीत ठेवला, फेकला न्हाई. ह्यांनी तो दिवस जन्मभर लक्षात ठेवायचं ठरवलंय. मी कधी विचारलंच नव्हतं. मी समद्या जिल्ह्याला सांगत हिंडलो, त्यांना तेवढं विचारलं न्हाई.

नांदेडला विमानतळाच्या रस्त्याला लागलो तर पोरगी एकसारखी, “बाबा, डावीकडं. बाबा, डावीकडं. बाबा, ही डावी न्हाई!” पाट्या मोठ्या मोठ्या होत्या म्हणं. माझ्यासाठी चांगले चित्रं काढलेले होते.

दारापुढं जीप थांबवली. दाराचं नुसतं नाव. काचंचं होतं. त्याच्यापाशी बंदूकवाला जवान उभा, उंच, तिकडचा कुणीतरी, मराठीचा वास बी न्हाई. जावई बॅग घेऊन धावले. पोरगी तिकिटाचा मोबाइल घेऊन धावली. आत जाणारी रांग संपलेली होती, आता आमीच राहिलो होतो. जवानानं मोबाइल बघितला, जावयाकडं बघितलं, आन विचारलं,

“कहाँ जाना है?”

जावयाचे पाय तिथंच रोवले गेले. ते मागं वळून बायकोकडं बघायला लागले. पोरगी बी वळली. मी बी. जवानाला काही कळंना, तो बी वळला.

बायको जीपपाशी उभी. एका हातात डबा, एका हातात बाटली, पोतं काखंत. मी तिला एवढी वर्षं बघतोय. तिच्या तोंडावर काय चाललं होतं ते मला बराबर वाचता आलं, पाट्या न्हाई येत पण ते येतं. एकीकडं जावई, उलट्या, समुद्र. एकीकडं काचंचं दार, जे आता लागंल. जावई आता मात्र ओरडले न्हाईत. तिच्यासाठी थांबले. तिनं टेका म्हणलं असतं तर ते तिथंच टेकले असते, असं त्यांचं तोंड सांगून राहिलं होतं.

बायकोनं गळा साफ केला.

“हिंदीत विचारलं तर लागत न्हाई,” ती मोठ्यानं म्हणली. “पळा!”

जावयानं जवानाला सांगितलं, “मुंबई!” आन बॅग उचलून पळाले. चाकं होती बॅगंला, तरी उचलून पळाले. काचंच्या पलीकडं ते एकदा वळले, हात केला, दिसेनासे झाले.

आमी तिघं राहिलो. पोरगी काचंला नाक लावून. मी विचारलं, “हिंदीत खरंच लागत न्हाई व्हय?”

“मला काय माहीत,” बायको म्हणली.

मग ती फूटपाथपाशी गेली. पोतं टाकलं. एकटी बसली. डब्यातून साखर घेऊन तोंडात टाकली, वर पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटून. जावयाच्या वाट्याचं ती करून राहिली होती. मी तिच्याशेजारी जाऊन टेकलो. तिनं माझ्या बी हातावर साखर ठेवली.

जवान तरातरा आला. “अम्मा, यहाँ बैठना मना है.”

“काय म्हणून राहिला?” बायकोनं विचारलं.

“म्हणतोय, बसा निवांत.”

ती निवांत बसली. जवान माझ्याकडं बघत राहिला, मी त्याला साखर दिली. तेवढ्यात पोरगी मोबाइल कानाला लावून आमच्याकडं यायला लागली. पळत न्हाई, चालत. अर्ध्या वाटंवरूनच तिनं मान हलवली. खालीवर, बराबर, साऱ्यांना दिसंल अशी.

“बसले,” ती म्हणली. “विमानाचं दार लावून घेतलं आतून.”

बायकोनं डब्याला झाकण लावलं.